वेगळा स्वयंपाक न करता वजन उतरवायचे आहे : ताटातले काय आधी कमी करावे आणि किती चालावे?

घडीची_पोळी

घरात माणसे चार, स्वयंपाक एकच. त्यातल्या दोघांना सहा ते आठ किलो उतरवायचे आहेत. एक पुरुष, वय ५२, कंबर ९८ सेंटिमीटर. एक बाई, वय ४७, थायरॉइडची गोळी चालू. गुडघे दोघांचेही ठीक आहेत. जिम नको, पावडरी नकोत, सकाळची दुधीची ज्यूसही नकोत. रोजचेच जेवण जेवून आणि चालून काय काय करता येईल ते हवे आहे. ताटातले आधी काय कमी करायचे? किती चालायचे, कोणत्या वेगाने? आणि पावसाळ्याचे चार महिने चालण्याचे काय करायचे? कृपया मापासकट सांगा. "कमी खा, जास्त चाला" एवढे सगळ्यांनाच माहीत असते.

आहारतक्ता

माप विचारलेत हे उत्तम केलेत. ताटाच्याही आधी तेलाच्या डब्यापासून सुरुवात करा, कारण तिथे वेगळा स्वयंपाक लागत नाही आणि चौघांचाही फायदा होतो.

हिशेब असा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. महिन्याला पाच लिटर संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी केवळ तेलाच्या. तेच तीन लिटरवर आणले तर माणशी २३ ग्रॅम, साधारण २०५ कॅलरी. ताटातला एकही पदार्थ न बदलता रोजच्या १३५ कॅलरी गेल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाचे तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे, त्यामुळे हा आकडा अघोरी मुळीच नाही. तूप आणि लोणी मात्र याच हिशेबात धरायचे. पिशवीवरचे वजन वाचून घ्या, सगळ्या पिशव्या लिटरच्या नसतात.

दुसरा नंबर चहाचा. ७५ मिली फुल क्रीम दूध आणि दोन चमचे साखर म्हणजे एका कपाला साधारण १०५ कॅलरी. दिवसाचे तीन कप धरले तर ३१५. टोन्ड दूध आणि एक चमचा साखर केली की तीन कपांचे १९० होतात. साखर एकदम बंद करू नका. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर जिभेला फारसे कळत नाही. चमचा सपाट आहे की शिगोशीग तेही बघा, शिगेच्या चमच्यात दीडपट साखर बसते.

चहाबरोबरची चार ग्लुकोज बिस्किटे म्हणजे आणखी १०० कॅलरी.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तेलाचे १३५, चहाचे १२५ आणि बिस्किटांचे १०० मिळून ३६० झाले. त्यात चालण्याचे १२० ते १५० मिळवले की रोजची तूट ५०० च्या आसपास जाते, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या थोडे आत. आठ किलोंना पाच महिने लागतील असे धरून चाला. यापेक्षा घाई केली की पहिला बळी स्नायूंचा जातो.

राजगिरा

तेलाच्या डब्याला +१. आमच्याकडे एक तारखेला महिन्याचे तेल वेगळ्या बरणीत काढतात आणि बरणीवर दर आठवड्याच्या खुणा केलेल्या आहेत. खूण ओलांडली की त्या आठवड्यात तळण बंद.

कढईवाली

तेल कमी करा म्हणणे सोपे असते, पण पहिल्याच दिवशी भाजी खाली लागते आणि घरातले तोंड वाकडे करतात. म्हणून कृती सांगते.

बुधलीतून कढईत थेट धार लावू नका. चहाच्या चमच्याने मोजून घाला. चौघांच्या पालेभाजीला किंवा फळभाजीला तीन चमचे (१५ मिली) पुरतात. कढई जाड बुडाची आणि लहान घ्या. पसरट कढईत तीन चमचे तेल पसरून जाते, मोहरी कोरडी राहते आणि जळते. कढई तिरकी करून तेल एका बाजूला गोळा करा, मोहरी तिथेच तडतडू द्या, मग हिंग, हळद आणि लगेच भाजी. झाकणावर पाणी ठेवा. भाजी स्वतःच्या वाफेवर शिजते, आणि लागतेय असे वाटले तर झाकणावरचे तेच गरम पाणी आत घालायचे. गार पाणी घातले की वाफ मोडते आणि भाजी पचपचीत होते.

कांदा-खोबऱ्याचे वाटण असेल तर कांदा तेलात परतण्याऐवजी आख्खा गॅसवर भाजून घ्या आणि खोबरे तव्यावर कोरडेच. तेल वाचते आणि चव उलट खमंग येते. वांगी, भेंडी आणि बटाट्याच्या काचऱ्या ही तेल पिणारी मंडळी. भेंडी धुऊन अगदी कोरडी पुसायची, चिरून आधी बिनतेलाच्या तव्यावर तार सुटेपर्यंत परतायची आणि मग फोडणीत टाकायची.

आणि ज्याकडे कोणी बघत नाही ते शेंगदाण्याचे कूट. पोहे खायच्या एका चमच्यात दहा ग्रॅम बसते, म्हणजे ५५ ते ६० कॅलरी. कोशिंबिरीत दोन चमचे, भाजीत तीन, शिवाय वर चटणी. कूट पौष्टिकच आहे, पण मोजून.

वरणभात_प्रेमी

सगळे मान्य, पण भात सोडा असे कोणीतरी आता म्हणणारच, म्हणून आधीच विचारतो. भात सोडून भाकरी धरली की वजन उतरते हे खरे आहे का? कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही वेळा भात खाल्ला जातो.

आहारतक्ता

खरे नाही. प्रमाण न बघता अदलाबदल केली तर कधी कधी उलटेच होते. २५ ग्रॅम कणकेच्या, बिनतेलाच्या फुलक्यात ८५ कॅलरी. ३५ ग्रॅम कणकेच्या घडीच्या पोळीत एक चमचा तेल गेले की १६०. ज्वारीच्या एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे २३५ च्या आसपास. तीन फुलके खाणाऱ्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या तर त्याने जेवण वाढवले. भाकरीचा फायदा असा की तिला तेल लागत नाही, ती चावावी लागते आणि पोट लवकर भरते. पण भाकरीचेही पीठ एकदा काट्यावर मोजून बघा.

भाताची १५० मिलीची वाटी, न दाबता भरलेली, साधारण १५० कॅलरींची असते. एक वेळ एक वाटी भात ठेवा. भात सोडू नका, भातावरचा भात सोडा. आधी वरणभात, मग पोळी-भाजी आणि शेवटी ताकभात अशी आपली पंगत असते. त्यातली एक भाताची फेरी काढली की पुरते.

वाढण्याचा क्रमही बदला. पहिल्यांदा ताटात कोशिंबीर किंवा काकडी-टोमॅटो-मुळा आणि घट्ट उसळ किंवा आमटी. ती निम्मी संपली की पोळी. भात शेवटी. आधी भाजी आणि प्रथिने पोटात गेली की नंतरच्या पिष्टामुळे रक्तातली साखर कमी चढते आणि भात आपोआप कमी लागतो. पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवू नका, ओट्यावरच राहू द्या. उठून घ्यायला लागले की तिसरी पोळी बहुतेकदा घेतली जात नाही.

मटकीची_उसळ

प्रथिनांबद्दल जरा जास्त लिहा ना. बहुतेक घरांत वरण इतके पातळ असते की वाटीत डाळ शोधावी लागते.

आहारतक्ता

तुमचा मुद्दा नेमका आहे. ३० ग्रॅम कच्च्या डाळीत किंवा मटकीत साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात. चौघांच्या वरणाला अर्धी वाटी डाळ घातली तर माणशी जेमतेम तीन-चार ग्रॅम येतात. चौघांना निदान १२० ग्रॅम डाळ शिजवा आणि आमटी दाट ठेवा. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ३० ग्रॅम सोयावड्यांत १५ च्या आसपास. मासे खाणाऱ्यांना बांगडा उत्तम, पण रवा लावून तळलेला नको. कालवणातला किंवा तव्यावर चमचाभर तेलात भाजलेला. वजन उतरवताना शरीराच्या दर किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिने पोटात जातील असे बघा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचे.

तळजाई_पहाटे

आता चालण्याचे. वेग कळण्यासाठी घड्याळ नको. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग योग्य. पावले मोजायची तर मिनिटाला शंभर. बहुतेकांना एक किलोमीटरला १३०० ते १४०० पावले लागतात. ७० किलोच्या माणसाचे एका किलोमीटरमागे, बसून राहण्यापेक्षा जास्तीचे, ३५ ते ४० कॅलरी खर्च होतात. साडेतीन किलोमीटर चाललात तर वर लिहिलेले १२० ते १५० जमतात.

म्हणूनच चालून आल्यावर टपरीवर पोहे आणि चहा घेतला की सगळे जमाखर्चात बुडते. एका बशीत ५० ग्रॅम पोहे, दोन चमचे तेल आणि थोडे दाणे धरले तर ३०० च्या वर कॅलरी होतात. टेकडीखाली गाड्यांवर सकाळी सातला गर्दी कोणाची असते ते बघा.

सुरुवात २० मिनिटांनी करा, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. पाचव्या आठवड्यात ४० मिनिटे होतात, तिथे थांबलात तरी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटे ओलांडली जातात. पहिली आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश.

पाऊणतास

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत कोणीच कशी लिहिली नाही? दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मोजमाप नको, काटा नको. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. महाराष्ट्रात हजारोंनी केली आहे.

आहारतक्ता

ज्यांना जमते त्यांनी जरूर करावी. या पद्धतीत दिवसभराचे चहा, बिस्किटे, फरसाण आणि येताजाता तोंडात टाकलेले दाणे एकदम बंद होतात आणि वजन मुख्यतः त्यामुळे उतरते. पण दोन वेळांच्या जेवणात भरपाई झाली तर काटा हलत नाही, आणि ५५ मिनिटांची मुभा म्हणजे जिलबीची मुभा असे समजणारे बरेच भेटतात. दर दोन तासांनी खाण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. वेळा किती यापेक्षा दिवसाअखेर बेरीज किती आणि ते वर्षभर निभते का, याला माझ्या लेखी जास्त महत्त्व.

पाऊणतास

निभण्याबद्दल मतभेद. "थोडेसेच खा" हे ज्यांना जमत नाही त्यांना "मधे काहीच नाही" हा नियम सोपा पडतो. बशीतला अर्धा लाडू ठेवून उठणे फार अवघड, बशी हातात न घेणे सोपे.

आहारतक्ता

हे पटले. स्वभाव बघून ठरवावे.

बाह्यरुग्ण

डॉक्टर म्हणून थोडे लिहितो. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवणाची वेळ बदलण्याआधी, जेवण कमी करण्याआधी आणि चालणे वाढवण्याआधी डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. गोळी तीच ठेवून जेवण गाळले तर साखर धोकादायक खाली जाते. दरदरून घाम, थरथर, धडधड किंवा भोवळ आली तर चालणे थांबवा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर तपासा. अशा रुग्णांनी खिशात साखरेची पुडी ठेवल्याशिवाय चालायला जाऊच नये.

चालताना छातीत दडपण आले, ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, किंवा नेहमीच्या अंतराला नव्याने दम लागू लागला तर त्याला पित्त समजून अंगावर काढू नका.

धागाकर्त्यांच्या थायरॉइडबद्दल : गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) आटोक्यात असेल तर वजन न उतरण्याचे खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. वजन घटावे म्हणून मनाने डोस वाढवणे हृदयाला आणि हाडांना घातक आहे.

भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर, आणि बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या आत. माप बेंबीजवळ, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढून घेतलेले माप काही सांगत नाही.

शिवडी_लोकल

रोज दहा हजार पावले हवीतच का? ऑफिस आणि लोकल सांभाळून सात हजारांपुढे जात नाही.

तळजाई_पहाटे

नाही. दहा हजारांचा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावले मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला, तो वैद्यकीय तपासणीतून निघालेला नव्हता. तुमची आत्ताची सरासरी काढा आणि त्यात दोन हजार वाढवा. सात हजारांतली तीन हजार सलग आणि भरभर असतील तर छानच. मुंबईत असाल तर शिवाजी पार्कची एक फेरी साधारण १.२ किलोमीटर, तीन फेऱ्यांत काम होते.

जेवणानंतरची शतपावली यात जरूर धरा. शंभर पावले म्हणजे एकच मिनिट होते, ती दहा-पंधरा मिनिटे करा. दोन्ही जेवणांनंतर सावकाश चालले तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी राहते. शिवाय रात्री जेवून टीव्हीसमोर बसल्यावर जे डबे उघडतात ते उघडत नाहीत.

पाऊलवाट

फिजिओथेरपिस्ट म्हणून बुटांचे आणि टाचांचे सांगते, कारण चालणे सुटते ते बहुधा तिथेच. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून, उभे राहून, अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळाचा मऊपणा जातो, वरून बूट नवा दिसला तरी.

सकाळी उठल्यावरची पहिली पावले टाकताना टाच ठणकत असेल आणि थोडे चालल्यावर बरे वाटत असेल तर तळपायाचा पडदा ताणला गेला आहे. अनवाणी फरशीवर फिरणे बंद करा. भिंतीला हात टेकून, मागचा पाय सरळ आणि टाच जमिनीला ठेवून पोटरी ३० सेकंद ताणा, दोन्ही पायांना तीनदा. गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली दहा मिनिटे फिरवा. अंतर निम्मे करा, पण चालणे पूर्ण बंद नको. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर दाखवून घ्या.

रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेने चालले की एक पाय कायम खाली पडतो आणि कंबर किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. म्हणून शक्य तिथे सपाट मैदान किंवा पदपथ निवडा. पदपथ नसेल तिथे मात्र समोरून येणारी वाहने दिसतील अशाच बाजूने चाला, सुरक्षितता आधी.

टेकडी किंवा पर्वतीच्या पायऱ्या चढताना हृदयाचा व्यायाम होतो, गुडघ्यावर भार येतो तो उतरताना. उतरताना घाई नको, गुडघा किंचित वाकलेला ठेवा.

आणि आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे स्नायूंसाठी द्या. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड दहा, टाचा उचलणे पंधरा. असे दोन-तीन फेरे. याशिवाय उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो.

अंबाझरी_काठ

विदर्भातल्यांसाठी भर. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसहाला घरी परत यायचे असे धरून निघा. संध्याकाळी सातनंतरही डांबर तापलेलेच असते. डोक्याला दुपट्टा, निघण्याआधी ग्लासभर पाणी. परत आल्यावर उसाचा रस नको. बिनसाखरेचे पन्हे किंवा मीठ-जिऱ्याचे ताक घ्या.

ओंटारियोकर

इकडे जानेवारीत बर्फ असतो तेव्हा बरीच ज्येष्ठ मंडळी दुकाने उघडण्याआधी मॉलमध्ये फेऱ्या मारतात. ट्रेडमिल असेल तर चढ एक टक्का ठेवा आणि दांडी धरू नका. दांडीवर रेलले की कष्ट बरेच कमी होतात, यंत्रावरचा कॅलरींचा आकडा मात्र तोच दिसतो.

राजगिरा

थोडे अवांतर. श्रावण जवळ आलाय. सोमवारच्या उपासाने वजन उतरते का?

कढईवाली

साबुदाण्याची खिचडी खाऊन नाही. एका बशीत ७० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप धरले तर ५०० कॅलरी होतात, आणि साबुदाण्यात प्रथिने जवळपास नाहीतच, त्यामुळे दोन तासांत परत भूक. त्याऐवजी वरीचे तांदूळ ४० ग्रॅम, दाण्याची पातळ आमटी वाटीभर, काकडीची दह्यातली कोशिंबीर. किंवा एक उकडलेले रताळे आणि ताक. संध्याकाळी बटाट्याचा कीस आणि वेफर्स आले की उपास उरत नाही.

घडीची_पोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. तेल आणि चहाचे बदल सुरू केले तर काटा कधी आणि कसा बघायचा? एक दिवस किलोभर कमी, दुसऱ्या दिवशी तेवढाच जास्त असे दिसते आणि घरात वाद होतात.

आहारतक्ता

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही पिण्याआधी, त्याच कपड्यांत. काटा टणक फरशीवर, चटईवर नाही. रोज लिहा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीशीच करा. आदल्या रात्री लोणचे-पापड किंवा हॉटेलचे खारट जेवण झाले की शरीर पाणी धरून ठेवते आणि काटा किलोभर सहज वर जातो. पाळीच्या आधीही तसेच. उलट, पहिल्या आठवड्यात भात-पोळी कमी झाल्यावर दीड-दोन किलो झपाट्याने उतरतात ते बहुतांशी पाणीच असते. त्यानंतर वेग मंदावला की माणसे निराश होऊन सोडून देतात, खरी चरबी तर तेव्हाच उतरत असते. महिन्यातून एकदा कंबर मोजा.

दोन-तीन महिन्यांनी सरासरी तीन आठवडे जागची हलली नाही तर आधी तेलाची बरणी आणि कणकेचे गोळे परत मोजा. गोळा नकळत मोठा होत जातो. मापे बरोबर असतील तर वजन घटल्यामुळे शरीराचा खर्चच कमी झालेला असतो. तेव्हा रात्रीचा अर्धा फुलका कमी करा किंवा चालणे दहा मिनिटांनी वाढवा. दोन्ही एकदम नको.

वरणभात_प्रेमी

मूळ प्रश्नातला पावसाळा राहिलाच की!

पाऊलवाट

पावसाळ्यात ४० मिनिटांचे तुकडे करा. दहा-दहा मिनिटांचे चार तुकडेही चालतात, सलगच हवे असे नाही. इमारतीच्या पार्किंगमध्ये, गच्चीच्या आच्छादनाखाली किंवा घरातल्या घरात स्वयंपाकघर ते बाल्कनी. घरात वळणे फार येतात, म्हणून दर पाच मिनिटांनी दिशा उलटी करा, नाहीतर एकाच गुडघ्यावर ताण येतो. घरातही बूट घालून चाला, पण ते बाहेरचे ओले बूट नकोत.

जिना वापरायचा तर चढायला जिना, उतरायला लिफ्ट. तीन-चार मजले चढून दोन मिनिटे थांबायचे, असे चार-पाच वेळा. ओल्या जिन्यावर कठडा धरूनच. बाहेर जायचेच असेल तर शेवाळलेल्या पदपथापेक्षा खरखरीत डांबरी रस्ता बरा. बूट भिजले तर आतली गादी काढून वेगळी वाळवा, कागदाचे बोळे आत भरा, आणि पायाच्या बोटांमधली जागा कोरडी पुसा. ओल्या मोज्यांमुळे चिखल्या झाल्या की पंधरा दिवस चालणे बंद पडते.

घडीची_पोळी

पार्किंगची एक फेरी मोजली, १४० मीटर भरते. म्हणजे साडेतीन किलोमीटरला २५ फेऱ्या. सकाळी १३, रात्री जेवणानंतर १२ असे ठरवतो आहोत. उद्या एक तारीख आहे, तेलाची बरणीही काढून ठेवली आहे. तीन लिटर.

कढईवाली

गणपतीच्या तळणीच्या मोदकांचे तेल त्या तीन लिटरांतच धरा. उकडीचे केलेत तर प्रश्नच नाही.